कारखान्यातील प्रशिक्षक : एका दुर्लक्षित कारागिरीचा परिचय

पूर्व द्रुतगती महामार्गावरील कॅडबरी नाक्यापासून येऊरच्या डोंगराच्या दिशेने निघालेला पोखरण रस्ता क्रमांक १ वर्तकनगरातून पुढे उपवन तलावाकडे जातो. आज या रस्त्याच्या दुतर्फा उंच निवासी इमारती दिसतात. अर्ध्या शतकापूर्वी मात्र या भागाचा दिवस कारखान्यांच्या पाळ्यांवर चालत असे. येथून जवळच, जेकेग्राम येथे, १९२५ साली सुरू झालेली व १९४४ साली सिंघानिया उद्योगसमूहाकडे आलेली रेमंड लोकरी कापडाची गिरणी होती. १ ऑगस्ट १९६२ रोजी महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली; महामंडळाच्या अगदी पहिल्या औद्योगिक वसाहतींमध्ये वर्तकनगरलगतच्या वागळे वसाहतीची गणना होते. पोखरण रस्ता क्रमांक २ च्या बाजूला व्होल्टाससारखे यंत्रोद्योग उभे राहिले. वर्तकनगरातील इमारतींमधून सकाळी डबा घेऊन निघालेला कामगार पायीच आपल्या यंत्रापाशी पोहोचू शकत असे.

या औद्योगिक पट्ट्याचा इतिहास सांगताना जमीन, पाणी, वीज, रेल्वे आणि भांडवल यांचा उल्लेख हटकून होतो, आणि तो योग्यही आहे. एक प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. कोकणातून वा घाटावरून आलेल्या ज्या तरुणाने आयुष्यात कधी लेथ पाहिला नव्हता, मागावर तुटलेला धागा कसा जोडतात हे ज्याला ठाऊक नव्हते, त्याला ते काम शिकवले कोणी? शाळेतील गुरुजींची नावे लोकांच्या तोंडी असतात. यंत्रापाशी उभे राहून ज्याने पोटापाण्याची विद्या दिली, त्या माणसाची नोंद बहुधा हजेरीपटावरच राहते, आणि तीही शिक्षक म्हणून नव्हे.

जॉबरच्या हाताखाली

मुंबई इलाख्यातील कारखानदारीचा पहिला प्रशिक्षक म्हणजे कापडगिरणीतील जॉबर होय. नव्या माणसाची भरती करणे, त्याला खात्यात उभे करणे, त्याच्यावर देखरेख ठेवणे आणि जमल्यास चार गोष्टी शिकवणे ही सर्व कामे एकाच व्यक्तीकडे होती. नवखा माणूस आपल्या गाववाल्याच्या किंवा नातेवाइकाच्या शेजारी उभा राही, पाहून पाहून शिके आणि बदली कामगार म्हणून कधी काम मिळते याची वाट पाही. या व्यवस्थेत जिव्हाळा होता हे नाकारता येणार नाही. परंतु शिकवणारा आणि नोकरी देणारा एकच असल्यामुळे विद्येबरोबर दस्तुरीचाही व्यवहार चाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या व्हिटली आयोगाच्या अहवालात जॉबरच्या भरतीविषयक अधिकारांवर कठोर टीका करण्यात आली. १९३५ पासून मुंबईतील गिरणीमालक संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची पद्धत अमलात आणली, आणि जॉबरच्या सत्तेला हळूहळू ओहोटी लागली.

जॉबरचे भरतीचे काम दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवण्यात आले. त्याचे शिकवण्याचे काम मात्र कोणाकडेच नीटपणे सोपवले गेले नाही. अनेक कारखान्यांत नवा कामगार पूर्वीप्रमाणेच एखाद्या जुन्या माणसाच्या बाजूला उभा केला जाई व ‘याला जरा दाखवा’ एवढ्या तीन शब्दांत प्रशिक्षणाची सोय झाली, असे समजले जाई. ही रीत आजही पुष्कळ ठिकाणी आढळते.

कारागिरी वेगळी, शिकवणे वेगळे

या रीतीच्या मुळाशी एक गृहीत आहे: ज्याला काम उत्तम येते, त्याला ते शिकवताही उत्तम येईल. हे गृहीत बरोबर नाही. वीस वर्षे एकच काम केलेल्या कारागिराच्या हाताला ते इतके अंगवळणी पडलेले असते की, आपण नेमके काय करतो हे त्याचे त्यालाच सांगता येत नाही. कापाचा आवाज बदलला की त्याचा हात आपोआप फीड कमी करतो. पण आवाज कसा बदलला, हे विचारले तर तो म्हणतो, ‘सवयीने कळतं.’ त्याचे म्हणणे खोटे नसते. नवख्याला मात्र त्यातून काहीच मिळत नाही.

या अडचणीचा शास्त्रशुद्ध विचार पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुरू झाला. १९१७ साली जहाजबांधणीसाठी हजारो नव्या कामगारांची एकाएकी गरज निर्माण झाली. चार्ल्स ॲलन या व्यवसाय-शिक्षकाने गोदीतील अनुभवी कारागिरांनाच शिकवण्याची पद्धत शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला आणि १९१९ साली आपले विचार ग्रंथरूपाने मांडले. त्याने सांगितलेल्या चार पायऱ्या आजही टिकून आहेत. शिकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी; काम दाखवावे व समजावून सांगावे; त्याच्याकडून ते करवून घ्यावे; आणि शेवटी त्याला एकट्याला काम करू देऊन त्याची तपासणी करावी.

दुसऱ्या महायुद्धात १९४० ते १९४५ या काळात याच पायावर ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’, म्हणजे कारखान्यांतर्गत प्रशिक्षण, हा कार्यक्रम अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर राबवण्यात आला. त्याच्या आरंभीची एक हकिकत उद्बोधक आहे. लष्करी दुर्बिणींसाठी भिंगे घासणारे कारागीर कमी पडत होते, आणि असा कारागीर तयार होण्यास पाच वर्षे लागतात अशी समजूत होती. कामाचे पृथक्करण केल्यावर असे आढळले की, भिंग घासणारा जी अनेक कामे करतो त्यांपैकी बहुतेक साधी असून थोडक्या दिवसांत शिकवता येतात. खरे कसब मोजक्याच कामांत आहे. ती कामे वेगळी काढून नेमकेपणाने शिकवल्यावर पाच वर्षांचा काळ काही महिन्यांवर आला. कारागिराचे कसब यामुळे कमी ठरले नाही. ते नेमके कोठे आहे, हे मात्र प्रथमच कळले.

या कार्यक्रमातील प्रशिक्षकांचा वर्ग केवळ दहा तासांचा असे. दोन दोन तासांच्या पाच बैठका, आणि एका वर्गात दहाच्या आसपास माणसे. पहिल्याच बैठकीत एक प्रयोग केला जाई. दिव्याच्या होल्डरमध्ये तार ओढली जाऊन सुटू नये म्हणून आतल्या बाजूस तारेला एक विशिष्ट गाठ मारतात. प्रशिक्षक ती गाठ प्रथम केवळ तोंडी सांगे. कोणालाही ती जमत नसे. मग तो न बोलता, समोरासमोर उभा राहून, केवळ करून दाखवी. तरीही जमत नसे. कारण समोरून पाहणाऱ्याला डावे ते उजवे दिसते. नंतर तो शिकणाऱ्याच्या शेजारी, त्याच दिशेला तोंड करून उभा राही व एक एक टप्पा कारणासह सांगत दाखवी. आता गाठ जमे. आपण इतकी वर्षे खात्यात जे करीत आलो ते पहिल्या दोन प्रकारांचेच शिकवणे होते, हे फोरमनच्या ध्यानात येण्यास दुसऱ्या व्याख्यानाची गरज पडत नसे. सोळा लाखांहून अधिक लोकांनी हे वर्ग पूर्ण केले. युद्धानंतर ही पद्धत जपानमध्ये गेली आणि तेथील कारखानदारीत खोलवर रुजली.

भारतात ती १९५० नंतरच्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या साहाय्याने आली. कापडगिरण्यांमध्ये तिचे प्रयोग झाले. मुंबईत शीव येथे उभ्या राहिलेल्या केंद्रीय श्रम संस्थेच्या आरंभीच्या कार्यातही उत्पादकता व कारखान्यांतर्गत प्रशिक्षण या विषयांना स्थान होते. म्हणजे वागळे वसाहतीतील पहिल्या शेडमध्ये यंत्रे बसत होती तेव्हा ही विद्या ठाण्यापासून फार दूर नव्हती.

कानस, चक आणि रफू

प्रशिक्षकाचे काम नेमके काय, हे समजण्यासाठी जोडारी व्यवसायातील अगदी पहिला धडा पाहावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत असो वा कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात, नव्या उमेदवाराच्या हाती प्रथम कानस दिली जाते आणि पोलादाचा एक तुकडा सपाट करण्यास सांगितले जाते. काम दिसायला सोपे असते. दोन दिवस घाम गाळून उमेदवार तुकडा पुढे करतो. त्यावर गुण्या ठेवून उजेडाकडे धरल्यास दोन्ही कडांना फट दिसते. तुकडा मध्यभागी फुगीर झालेला असतो. उमेदवाराला वाटते की कानस खराब आहे किंवा आपला हात ओबडधोबड आहे.

कच्चा शिकवणारा म्हणतो, ‘नीट घास. सपाट ठेव.’ तयार प्रशिक्षक उमेदवाराचे हात पाहतो. कानस पुढे सरकते तसतशी ती तराजूच्या दांडीसारखी कलते. म्हणून ढकलण्याच्या आरंभी पुढच्या टोकावरील डाव्या हाताचा दाब जास्त हवा, मध्यावर दोन्ही हातांचा सारखा, आणि शेवटी मुठीवरील उजव्या हाताचा जास्त. परत ओढताना दाब काढून घ्यावयाचा. शिवाय पाय किती अंतरावर, शेगडा कोपराच्या उंचीला आहे की नाही, हेही त्यातच येते. हे एकदा कळले म्हणजे उमेदवाराची चूक त्याच्या नशिबाची न राहता त्याच्या डाव्या हाताची होते, आणि डावा हात सुधारता येतो. ज्या बाबीवर काम साधते किंवा बिघडते, जिच्यामुळे इजा टळते किंवा श्रम वाचतात, तिला या शास्त्रात ‘कळीचा मुद्दा’ म्हणतात. एका कामात असे मुद्दे थोडेच असतात. ते शोधून काढणे हीच प्रशिक्षकाची विद्वत्ता.

कातारी कामातील काही कळीचे मुद्दे तर जिवाशी खेळणारे आहेत. लेथच्या चकमध्ये काम घट्ट केल्यावर किल्ली चकमध्येच राहिली आणि यंत्र सुरू झाले, तर ती किल्ली गोळीसारखी सुटते. म्हणून चांगला प्रशिक्षक ‘किल्ली काढायला विसरू नकोस’ एवढे सांगून थांबत नाही. किल्लीवरचा हात किल्ली बाहेर येईपर्यंत सोडायचाच नाही, अशी सवय तो लावतो. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत, बाह्या सैल ठेवू नयेत, कीस हाताने ओढू नये, यांतील प्रत्येक सूचनेमागे कोणाची तरी बोटे गेलेली असतात. तरुण उमेदवाराला हातमोजा हे संरक्षणाचे साधन वाटते. तो येथे उलट हात आत ओढून घेतो, हे कारण सांगितल्याखेरीज सूचना पाळली जात नाही. पत्रा ठोकणाऱ्या प्रेसवर तर शिकण्याची संधी एकदाच मिळते. तेथे आधी शिकवावे लागते.

लोकरी कापडाच्या उद्योगातील एक काम या दृष्टीने विशेष विचार करण्याजोगे आहे. उंची वर्स्टेड कापड मागावरून उतरल्यावर त्यात गाठी, तुटलेले धागे, चुकलेली वीण असे दोष राहतात. कापड उताराच्या मेजावर उजेडासमोर ओढत तपासले जाते. बोटांची टोके कापडावरून फिरवून गाठी हुडकल्या जातात. गाठ वर काढून कापली जाते, आणि तुटलेल्या धाग्याच्या जागी त्याच जातीचा धागा सुईने मूळ विणीच्या वाटेनेच भरला जातो. काम उत्तम झाले तर ते कोठे झाले हे कोणालाच दिसत नाही. हे रफूचे कसब येण्यास महिनोन्‌महिने लागतात. डोळ्यांना दोष दिसण्यापूर्वी तो बोटांना लागला पाहिजे, आणि बोटांना काय लागले हे दुसऱ्याला सांगणे सर्वांत अवघड. येथील प्रशिक्षक मुद्दाम दोष असलेला तुकडा घेतो, शिकणाऱ्याला डोळे मिटून बोट फिरवायला सांगतो आणि ‘कोठे अडखळले?’ असे विचारतो. प्रथम ढोबळ गाठी, मग बारीक. प्रथम साधी वीण, मग ट्विल. कापडाचे मोल शेवटी या मेजावर ठरते.

ठाण्यात १९६३ साली लोकर संशोधनासाठी वूल रिसर्च असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. कोळशेत मार्गावरील या संस्थेत धाग्याची जाडी, पीळ आणि कापडाचा टिकाऊपणा मोजण्याची उपकरणे आहेत. उपकरणांनी पुष्कळ गोष्टी मोजता येऊ लागल्या, ही प्रशिक्षकाला मोठीच मदत झाली. जे पूर्वी ‘सवयीने कळे’ ते आकड्यांत सांगता येऊ लागले. तरीही मेजावरच्या बोटांची जागा अद्याप पूर्णतः कोणी घेतलेली नाही.

कायद्याने काय दिले

स्वतंत्र भारतात कारागीर प्रशिक्षणाची योजना १९५० साली सुरू झाली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. वागळे वसाहतीतही अशी शासकीय संस्था आहे. या संस्थांतील शिल्पनिदेशकांना स्वतःला शिकवण्याचे शिक्षण घ्यावे लागते. मुंबईत चुनाभट्टी येथील केंद्रीय संस्था, जी आज राष्ट्रीय कौशल्य प्रशिक्षण संस्था म्हणून ओळखली जाते, तेथे यासाठी अभ्यासक्रम चालतात. राज्यात या सर्व कामाची धुरा व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाकडे आहे.

संस्थेत मिळालेले शिक्षण कारखान्यात पुरे व्हावे यासाठी शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ संमत झाला. या अधिनियमाची काही कलमे वरवर रुक्ष वाटली तरी विचारपूर्वक केलेली आहेत. शिकाऊ उमेदवार हा कामगार नसून प्रशिक्षणार्थी आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याला नगावर मोबदला देता येत नाही, व उत्पादन-बोनसाच्या योजनेत ओढता येत नाही. सल्लागाराच्या मान्यतेखेरीज त्याला जादा वेळ काम देता येत नाही, आणि ती मान्यताही प्रशिक्षणाच्या किंवा सार्वजनिक हितासाठीच मिळते. मालक स्वतः त्या व्यवसायात अर्हताप्राप्त नसेल, तर विहित अर्हता असलेली व्यक्ती प्रशिक्षणाची प्रमुख म्हणून नेमण्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. उमेदवाराच्या प्रगतीच्या नोंदी ठेवणेही बंधनकारक आहे. २०१४ साली अधिनियमात मोठी सुधारणा झाली, आणि २०१९ च्या नियमांनुसार तीस वा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे आवश्यक झाले. त्यांची संख्या एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के ठरवण्यात आली.

सुरक्षिततेच्या बाजूने पाहिले तर १९४८ च्या कारखाने अधिनियमानेही अल्पवयीन व्यक्तीला धोकादायक यंत्रावर काम देण्यापूर्वी तिला धोक्यांची पूर्ण माहिती असावी आणि पुरेसे प्रशिक्षण किंवा जाणकार व्यक्तीची देखरेख असावी, अशी अट घातली होती. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली त्यात भर पडली आणि आरोग्य व सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळणे हा कामगाराचा हक्क म्हणून नमूद झाला.

प्रशिक्षकाची अडचण

कायद्याने शिकणाऱ्याला नगांच्या हिशेबातून बाहेर काढले. शिकवणाऱ्याला मात्र कोणी बाहेर काढले नाही, आणि या विषयाचे खरे मर्म येथे आहे. ज्या जुन्या कारागिराकडे उमेदवार सोपवला जातो, त्याचे स्वतःचे उत्पादन पाळीच्या शेवटी मोजले जाते. उमेदवाराला कानस कशी धरावी हे दाखवण्यात गेलेला अर्धा तास त्याच्या तक्त्यात कोठेही चढत नाही. कमी पडलेले नग मात्र चढतात. उत्पादनावर प्रोत्साहन भत्ता असेल तर शिकवणे म्हणजे सरळ पदरचे पैसे घालणे होय. अशा स्थितीत तो उमेदवाराला काय देईल? झाडू देईल, तेलाचा डबा देईल, चहा आणायला पाठवील. किंवा एकच सोपे काम वर्षभर त्याच्याकडून करवून घेईल, कारण त्यातून निदान नग तरी निघतात. असा उमेदवार वर्षअखेरीस नोंदवहीत सर्व स्वाक्षऱ्या घेऊन बाहेर पडतो, आणि अखिल भारतीय व्यवसाय परीक्षेला बसतो तेव्हा त्याने ड्रिलिंग सोडून काहीच केलेले नसते. दोष कारागिराच्या स्वभावाला देणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही.

याखेरीज एक न बोललेली भीतीही असते. आपली विद्या दुसऱ्याला दिली तर आपली जागा जाईल, ही धास्ती जुन्या कामगाराच्या मनात असते, आणि ज्या काळात कंत्राटी कामगार वाढत आहेत त्या काळात ती निराधार आहे असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. ज्या कारखान्याने प्रशिक्षक हे बढतीचे पद केले, त्याला स्वतंत्र वेळ व भत्ता दिला, तेथे ही धास्ती बरीच ओसरते. मोठ्या उद्योगांना हे परवडते. टेल्कोने १९६६ च्या सुमारास पुण्याच्या कारखान्याची उभारणी सुरू केली, तेव्हा आरंभीच्या काळातच प्रशिक्षण विभागाला महत्त्वाचे स्थान देण्यात आले. वागळे वसाहतीतील वीस-पंचवीस माणसांच्या कार्यशाळेला स्वतंत्र प्रशिक्षण विभाग ठेवणे शक्य नाही. तेथे मालक, फोरमन आणि प्रशिक्षक ही एकच व्यक्ती असते आणि तिचा अर्धा दिवस मालाच्या मागे जातो. लहान उद्योगांसाठीच शासनाने मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्रांची सोय केली. उमेदवाराचा पाया तेथे तयार व्हावा व पुढचे शिक्षण यंत्रावर मिळावे, अशी ती योजना. पण यंत्रावरचे शिक्षण देणारा माणूस दहा तासांच्या वर्गालाही कधी गेलेला नसेल, तर पायावर भिंत चढत नाही.

या बाबतीत जर्मनीचा अनुभव बोलका आहे. तेथे १९६९ च्या व्यवसाय-प्रशिक्षण कायद्यानंतर १९७२ साली असा नियम झाला की, कारखान्यात उमेदवारांना शिकवणाऱ्याने केवळ कामात निपुण असून भागणार नाही, शिकवण्याच्या पात्रतेची परीक्षाही त्याने दिली पाहिजे. २००३ साली ही अट स्थगित करण्यात आली. अट नसेल तर अधिक कारखाने उमेदवार घेतील, असा विचार त्यामागे होता. हेतू वाईट नव्हता. परंतु पुढील वर्षांत जेथे पात्रताधारक प्रशिक्षक नव्हते तेथे प्रशिक्षण अर्धवट सोडण्याचे प्रमाण व तक्रारी अधिक दिसून आल्या आणि २००९ साली अट पुन्हा लागू झाली. केवळ उमेदवारांची संख्या वाढवण्याच्या मागे लागलेल्या कोणत्याही योजनेने हा सहा वर्षांचा अनुभव लक्षात घ्यावा. भारतातही याच्याशी मिळताजुळता प्रयत्न झालेला आहे: जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याच्या सहकार्याने १९७१ साली बंगळूर येथे फोरमन प्रशिक्षण संस्था सुरू झाली. मात्र तिचा लाभ मुख्यतः मोठ्या उद्योगांच्या पर्यवेक्षकांना झाला. छोट्या शेडमधल्या कारागिरापर्यंत ती विद्या सहसा पोहोचली नाही.

वर्तकनगर येथील प्रश्न

रेमंडच्या ठाणे येथील गिरणीतील उत्पादन २००९ साली थांबले. पोखरण परिसरातील इतरही काही कारखाने बंद झाले वा अन्यत्र गेले, आणि त्यांच्या जागी निवासी संकुले आली. यंत्रे विकता येतात, दुसरीकडे नेऊन बसवताही येतात. यंत्रांबरोबर ज्यांचे हात घरी गेले, त्या हातांतील विद्येची यादी कोणत्याही ताळेबंदात नव्हती. वर्तकनगर, शास्त्रीनगर, लोकमान्यनगर या वस्त्यांमध्ये आजही अशी माणसे आहेत, ज्यांना विणीतला दोष बोटाने कळतो आणि लेथचा आवाज बाहेरून ऐकून टूल बोथट झाले हे सांगता येते. त्यांची मुले-नातवंडे बहुधा कार्यालयांत नोकरीला आहेत. त्याच वेळी वागळे वसाहतीत आणि पलीकडे डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक क्षेत्रांत संगणकनियंत्रित यंत्रांवर काम करण्यासाठी शिकाऊ उमेदवार रुजू होत आहेत.

संगणकनियंत्रित यंत्रावर जुन्या कारागिराचे काय काम, असे कोणी विचारील. यंत्राला सूचना देणे तरुण उमेदवार महिन्याभरात शिकतो, यात शंका नाही. पण काम पक्के बसले आहे की नाही, टूल कोणत्या धातूला किती वेगाने लावावे, कीस निळा पडला तर त्याचा अर्थ काय, माप बरोबर येऊनही पृष्ठभाग खरखरीत का राहिला, हे ज्ञान सूचनापत्रात नसते. ते लेथवर वीस वर्षे काढलेल्या माणसाजवळ असते आणि त्याला नीट विचारले तर तो सांगतो. नीट विचारणे मात्र यायला हवे; किंबहुना त्याला स्वतःलाच स्वतःस कसे विचारावे हे दाखवायला हवे. दहा तासांचा तो जुना अभ्यासक्रम याच कामासाठी होता.

निवृत्त कारागिरांना आठवड्यातून दोन दिवस लहान कार्यशाळांच्या गटात प्रशिक्षक म्हणून बोलवावे, त्यासाठी त्यांना आधी शिकवण्याची पद्धत शिकवावी, आणि त्यांचे मानधन पाच-सहा लहान उद्योगांनी मिळून उचलावे, ही व्यवस्था अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, शिकाऊ उमेदवारी सल्लागार आणि वसाहतीतील उद्योजकांच्या संघटना एकत्र बसल्या तर त्याची आखणी एका बैठकीत होऊ शकते. प्रश्न वेळेचा आहे. ज्यांनी १९७० च्या दशकात पहिली पाळी केली, ते आज सत्तरीच्या पुढे गेले आहेत.

उमेदवाराच्या प्रगतीच्या नोंदवहीत महिनावार केलेल्या कामाचे रकाने असतात आणि शेवटी प्रशिक्षकाच्या स्वाक्षरीसाठी जागा असते. ज्या कार्यशाळेत प्रशिक्षण खरोखर चालते तेथे या वहीची पाने तेलकट असतात, त्यांवर मापे, आकृत्या व खाडाखोड असते. काम पुन्हा करण्याच्या सूचना असतात. जेथे ते चालत नाही, तेथे वही स्वच्छ असते आणि बारा महिन्यांच्या बारा स्वाक्षऱ्या एकाच शाईच्या असतात.